रात्रपाळीची नोंद

वहीत रकाना छापलेलाच असतो: सॉइल्ड, हो किंवा नाही.
पहाटे सव्वातीनला मी 'हो'वर खूण केली.
खोली नऊ, मिस्टर थर्केटल, वय सत्त्याऐंशी.
चादर लाल पिशवीत कोंबली, गाठ मारली.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.
"काय लिहिलंस?"
वाचून दाखवलं.
"खोड."

मला वाटलं, लाज.
लाज सरून गेली होती केव्हाच, चीड होती,
तीही माझ्यावर नाही, शब्दावर.
ईलीच्या पलीकडे, पाणी उपसून काढलेल्या सपाटीवर
साठ वर्षं सेलरी लावली या माणसानं.
जमीन अशी काळी आणि अशी हलकी
की मार्चमध्ये वारा सुटला
की शेजाऱ्याचं शेत उडत येऊन आपल्या चहात पडायचं.
"तिला सॉइल म्हणतात," ते म्हणाले.
"मी आत्ता केलं, त्याला नाही."

नवी होते तेव्हा मला वाटायचं,
घाण करायला एक शब्द पुरेल.
मग कळलं, इथे घाणीतही मानपान आहे.
हात डर्टी होतात, त्याचं कौतुकच असतं.
पाणी मडी करतात, तिथे बहुतेक वेळा पाणी नसतंच,
दोघांचं भांडण असतं आणि तिसरा मध्ये बोललेला असतो.
फुटपाथ फाउल करतं कुत्रं,
खांबावर तशी पाटी, खाली दंडाची रक्कम.
सली होतं ते फक्त नाव.
सली झालेला शर्ट कुणी लाँड्रीत टाकत नाही.
(थर्केटलांच्या मुलानं ती जमीन सौर पट्ट्यांना भाड्यानं दिली,
तेव्हा त्यांनी तोच शब्द वापरला होता, म्हणे,
आणि नंतर दोन नाताळ फोन उचलला नाही.)

बाळाचा लंगोट सॉइल होतो, बाळ नाही.
म्हातारा माणूस मात्र स्वतःलाच करतो.
क्रियापद सकर्मक आहे, त्याला कुणीतरी हवं असतं,
आणि रात्री तीनला जवळ दुसरं कोण असतं?

पॉगसनबाई चहा घेऊन आल्या, वाद ऐकला,
फोनमध्ये कोश उघडून उभ्याउभ्या निकाल दिला:
शब्द दोन आहेत, सोंग एक.
जमिनीचा तो वेगळा.
हा दुसरा फ्रान्सहून आला,
डुकरांच्या लोळणीतून.
थर्केटल पहिल्यांदा हसले.
"डुकरंही होती माझ्याकडे.
स्वच्छ जात. एकच कोपरा ठरवायची
आणि तिथेच जायची."
मग बराच वेळ बोलले नाहीत.

मी उशी सारखी केली.
"तुझ्या भाषेत काय म्हणतात?"
मळणं, मी म्हटलं.
चादर मळते.
"कोण मळवतं?"
कुणी नाही. वापरली की मळते.
ते यावर विचार करत राहिले,
वांध्याचं बियाणं कुणी फुकट देऊ केल्यासारखे.
मग मी सांगितलं की कणीकही मळतात, दोन्ही हातांनी,
आणि पाण्याजवळच्या, भाजी लावायच्या जमिनीला मळा म्हणतात.
कोशात ही सगळी एका घरची आहेत की नुसतीच शेजारी,
मी कधी पाहिलं नाही.

"मला," ते म्हणाले.
'ळ' काही जमेना त्यांना.
जीभ वर नेली, मागे नेली, दातावर आपटली.
"मला. मला."
पॉगसनबाईंना वाटलं, काहीतरी मागतायत,
त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.
मी दुरुस्त केलं नाही.

वहीत शाईनं लिहितात, खोडता येत नाही.
'हो' तसंच राहिलं.
शेऱ्यात लिहिलं: तीन वीसला चादर बदलली,
पडदा थोडा उघडा ठेवला आहे, त्यांच्या सांगण्यावरून.
बाहेर अजून काही दिसत नव्हतं.